तेरावा झेंडा

अकरा देश शिवायचे होते, आठ दिवसांत.
चोपड्याच्या बाजारात, भांडेवाल्याच्या ओट्याखाली माझं मशीन.
एरवी शाळेच्या चड्ड्या,
लग्नातल्या बँडवाल्यांचे लाल कोट, खांद्यावर झालर.

हुस्ना तडवी मॅडमनी कागद पुढ्यात ठेवला.
"निंबाभाऊ, माप सगळ्यांचं एकच.
कुठलाही देश दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा नको."
तिरंगा खादी भांडारातून आणलेला,
तो बारावा. त्याच्याच मापाने बाकीचे कापले.

जपानचा सूर्य मी जेवणाच्या ताटलीने आखला.
नेपाळला चार कोपरेच नाहीत,
दोनदा कापड वाया गेलं.
एका हिरव्यावर पांढरी अक्षरं होती,
मला न वाचता येणारी, कुणाच्या तरी देवाची.
मॅडम म्हणाल्या, दोन्ही बाजूंनी सरळ वाचता यायला हवीत.
म्हणून दोन कापडं, पाठीला पाठ.
मशीन चालतं पायाने.
तेवढा एक झेंडा मी हाताने शिवला.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मैदानात सराव सुरू होता, डाव्या पायाला ढोल.
जामसिंग पावरा, सातपुड्यातल्या पाड्यावरचा, वसतिगृहातला पोरगा,
त्याच्या बोटांत काठी अशी फिरे
की बघणाऱ्याला काठी दिसायची नाही, नुसतं चाक.
त्याने केनिया आभाळात भिरकावला,
स्वतःभोवती गिरकी घेतली,
आणि न बघता झेलला.
पोरांनी टाळ्या पिटल्या. मॅडमनी नाही.

"इटलीत काही गावं आहेत," त्या म्हणाल्या,
"तिथे झेंडे असेच उंच उडवतात, आणि तो मानच असतो.
पण ते त्यांच्या आळीचे झेंडे, त्यांचे हात.
पाहुण्याचं लेकरू आपण उडवत नसतो, जामसिंग.
त्याच्या आईने उडवावं."

जामसिंग काही बोलला नाही.
संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला,
कात्रणं चिवडत.

रात्री मी ती कात्रणं जोडली.
ब्राझीलची हिरवी, केनियाची काळी,
कुठलीशी निळी, बँडच्या कोटाची लाल, झालरीचं उरलेलं टोक.
मॅडमनी सकाळी तो उजेडात धरला,
उलटा केला, आडवा केला,
चुकून कुठला देश तर झाला नाही ना!
एका कोपऱ्यात झाला होता.
तिथली शिवण उसवायला लावली.

सव्वीस जानेवारी. दातावर दात.
जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून कापूस रस्ताभर सांडलेला.
पुढे वैजयंता, हातात तिरंगा,
मागे अकरा देश एका रांगेत,
कुणी कुणाच्या खांद्याला लागत नव्हतं.

चौकात केबलची तार लोंबत होती, काठ्यांहून हातभर खाली.
ढोल जागच्या जागी. पाय जागच्या जागी.
"अरे, दोन सेकंद वाकवा ना जरा," कुणी तरी ओरडलं.
वैजयंताने मान हलवली नाही,
तिच्या नाकावर घाम, त्या थंडीत.
अकरा देश तिच्यामागे ताठ.
मीही ओट्यावर उभा राहिलो, का ते कळलं नाही.

तेवढ्यात प्रल्हाद गुजर ट्रॅक्टरवरून उतरला.
ट्रॉलीत बांबू होते, केळीच्या घडांना टेकू द्यायचे.
त्यातला दुबेळक्याचा एक ओढून
त्याने तार वर उचलली, टाचांवर उभा राहून,
जसा वाकलेला घड उचलतात तशी.
बारा देश तिच्याखालून गेले.

त्याचे हात भरून आले, तार पुन्हा खाली आली.
शेवटी जामसिंग.
तो खालून गेलाच नाही.
म्हणजे तो गेला, झेंडा नाही.
झेंडा तारेवरून गेला, सगळे रंग उलगडत,
आणि पलीकडे त्याच्या हातात उतरला.

पानटपरीवरच्या म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून विचारलं,
"हाऊ कोना देशना से रे भाऊ?"
जामसिंग चाल न मोडता म्हणाला,
"निंबा शिंपीना."